शिक्षकांची अभिवृत्ती आणि अबोल विद्यार्थी : शालेय मानसिक आरोग्याच्या इतिहासाचा एक मागोवा (१८९६ ते २०२५)

प्रस्तावना

शालेय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न अलीकडच्या काळात न्यायालये, शासन व शिक्षणसंस्था या सर्वांच्या विचाराचा विषय झाला आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि अध्यापक व अध्यापकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत नमूद आहे. या निर्देशांमागील वास्तव गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते व ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती.

अशा प्रसंगी होणाऱ्या चर्चेत एक विधान हमखास ऐकू येते. शिक्षकांचा दृष्टिकोन बदलला पाहिजे, हे ते विधान होय. शिक्षकांना केवळ शिस्त दिसते, मुलाचे मन दिसत नाही, अशी तक्रार त्यामागे असते. ही तक्रार नवीन नाही. तिला सुमारे शंभर वर्षांचा इतिहास असून ती प्रथम आकडेवारीच्या आधारे मांडली गेली ती १९२८ साली, अमेरिकेत. तेथे उभी राहिलेली विचारसरणी व तिच्यातून निर्माण झालेल्या संस्था पुढे मुंबईतही आल्या. प्रस्तुत लेखात या तक्रारीचा उगम, तिच्यावर झालेली टीका आणि भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, तिने घेतलेले वळण यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. शिक्षकाची अभिवृत्ती ही त्याच्या मनाचा स्वतंत्र गुण नसून त्याच्यावर सोपविलेल्या कामाची ती निष्पत्ती असते, आणि म्हणून काम न बदलता अभिवृत्ती बदलण्याचे प्रयत्न वारंवार अपुरे पडले, हे या आढाव्यातून दाखविण्याचा उद्देश आहे.

एका शिक्षिकेचा प्रश्न

शिक्षक व मानसतज्ज्ञ यांच्या संबंधाची सुरुवात तक्रारीने झाली नव्हती, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मार्च १८९६ मध्ये फिलाडेल्फिया येथील मार्गारेट मॅग्वायर या शाळाशिक्षिकेने आपल्या वर्गातील एका मुलाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक लायटनर विटमर यांच्याकडे नेले. मुलगा इतर बाबतींत ठीक होता. परंतु त्याला शुद्धलेखन जमत नव्हते. मॅग्वायर या विटमर यांच्या वर्गात मानसशास्त्राचे अध्ययनही करीत होत्या. मानसशास्त्र हे मनाचे शास्त्र असेल तर अशा मुलाच्या अडचणीचे कारण व उपाय त्याला सांगता आले पाहिजेत, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. तपासणीत मुलाच्या दृष्टीत दोष आढळला. चष्मा आणि विशेष अध्यापन यांचा त्याला उपयोग झाला. याच घटनेतून विटमर यांनी जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले.

या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. मुलाची अडचण प्रथम ओळखली ती शिक्षिकेने, तज्ज्ञाने नव्हे. तसेच त्या अडचणीकडे आळस किंवा हट्ट म्हणून न पाहता कारण शोधण्याजोगी गोष्ट म्हणून पाहिले तेही शिक्षिकेनेच. चिकित्सालयाच्या इतिहासात पुढे विटमर यांचे नाव राहिले. मॅग्वायर यांचे नाव तळटीपेत गेले. शिक्षक हा निरीक्षक आहे, ही जाणीवही त्याबरोबरच मागे पडली असे म्हणता येईल.

मानसिक आरोग्याची चळवळ व शाळा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात क्लिफर्ड बीअर्स यांनी मनोरुग्णालयातील स्वानुभवावर लिहिलेल्या पुस्तकाने (१९०८) अमेरिकेत मोठी खळबळ उडवली. १९०९ मध्ये मानसिक आरोग्याची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. मनोरुग्णांच्या स्थितीत सुधारणा हा या चळवळीचा आरंभीचा हेतू होता. लवकरच तिचे लक्ष प्रतिबंधाकडे वळले. प्रौढाच्या मनोविकाराचे मूळ बालपणात असते, आणि बालपणातील मोठा काळ शाळेत जातो. तेव्हा प्रतिबंधाचे ठिकाण शाळा हेच होय, असा विचार रूढ झाला.

या विचाराला आर्थिक बळ मिळाले ते कॉमनवेल्थ फंड या न्यासाकडून. त्याने १९२१ मध्ये बालगुन्हेगारी प्रतिबंधाचा कार्यक्रम जाहीर केला. त्यानुसार १९२२ पासून सेंट लुईस, लॉस एंजलिस, क्लीव्हलँड, फिलाडेल्फिया आदी शहरांत प्रात्यक्षिक स्वरूपाची बाल मार्गदर्शन केंद्रे सुरू झाली. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता या तिघांनी मिळून एका मुलाचा अभ्यास करावा, अशी या केंद्रांची पद्धत होती. घर व शाळा यांना जोडणाऱ्या फिरत्या शिक्षिकांची योजनाही याच कार्यक्रमात होती. या त्रिकूटात वर्गशिक्षकाला मात्र जागा नव्हती. मूल केंद्राकडे पाठवायचे आणि केंद्राचा सल्ला अमलात आणायचा, एवढेच त्याचे काम ठरले.

विकमन यांचा अभ्यास

मुले केंद्राकडे येत होती ती शिक्षकांच्या शिफारशीने. साहजिकच शिक्षक कोणत्या मुलांना पाठवतात व कोणत्या मुलांना पाठवत नाहीत, हा प्रश्न उपस्थित झाला. या प्रश्नाचा शोध क्लीव्हलँड येथील केंद्राशी संबंधित असलेले मानसशास्त्रज्ञ ई. के. विकमन यांनी घेतला. मुलांचे वर्तन आणि शिक्षकांची अभिवृत्ती या विषयावरील त्यांचा ग्रंथ कॉमनवेल्थ फंडाने १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. विकमन यांनी मुलांच्या वर्तनातील ५० समस्यांची यादी केली आणि ५११ शिक्षक व ३० मानसिक आरोग्यतज्ज्ञ यांना प्रत्येक समस्येच्या गांभीर्याचे मूल्यमापन करण्यास सांगितले.

दोन्ही गटांचा क्रम जवळजवळ उलट आला. शिक्षकांच्या यादीत लैंगिक वर्तन, चोरी, खोटे बोलणे, शाळा बुडवणे, उद्धटपणा, परीक्षेतील फसवणूक आणि शाळेच्या वस्तूंची नासधूस या बाबी अग्रभागी होत्या. तज्ज्ञांच्या यादीत इतरांत न मिसळणे, संशयी वृत्ती, खिन्नता, मनात राग धरून राहणे, भित्रेपणा आणि लवकर निराश होणे या बाबी वर होत्या. शिक्षकांनी लाजाळूपणा व हळवेपणा यांना तळाशी ठेवले. तज्ज्ञांनी वर्गातील कुजबुजीला तळाशी ठेवले. दुबळ्या मुलांना छळण्याची वृत्ती ही मात्र दोन्ही यादींत पहिल्या दहांत होती.

विकमन यांनी यातून दोन प्रकारची मुले वेगळी केली. एक, आक्रमक वर्तनाची. दुसरी, माघार घेणारी. पहिल्या प्रकारची मुले वर्गाची घडी विस्कटतात, शिक्षकाच्या अधिकाराला धक्का देतात, म्हणून ती चटकन नजरेत भरतात. दुसऱ्या प्रकारची मुले कोणालाही त्रास देत नाहीत. ती मागच्या बाकावर गप्प बसतात, वही पूर्ण करतात किंवा करत नाहीत, आणि वर्षाअखेरीस पुढच्या वर्गात जातात. शिक्षकांनी समस्याग्रस्त म्हणून नोंदविलेल्यांत मुलींपेक्षा मुलांचे प्रमाण अधिक होते, हेही याच संदर्भात अर्थपूर्ण ठरते. गप्प राहणे हा जिथे गुण समजला जातो, तिथे गप्प मुलीचे दुःख गुणांतच जमा होते.

निष्कर्षावरील टीका

विकमन यांचा ग्रंथ शिक्षक प्रशिक्षणाच्या क्षेत्रात कमालीचा गाजला. शिक्षकांना मुलाच्या मानसिक आरोग्याचे अज्ञान असते, या विधानाला जणू शास्त्राचा आधार मिळाला. परंतु ग्रंथातील एका बाबीकडे फारसे लक्ष गेले नाही. दोन्ही गटांना दिलेल्या सूचना एकसारख्या नव्हत्या. हे वर्तन आता, या क्षणी किती गंभीर किंवा अनिष्ट वाटते, हे शिक्षकांना विचारले होते आणि फार विचार न करता झटपट उत्तर द्यावयास सांगितले होते. तज्ज्ञांना मात्र हे वर्तन मुलाच्या भावी विकासाच्या दृष्टीने किती गंभीर आहे, असे विचारले होते व त्यांच्यावर घाईचे बंधन नव्हते. गुडविन वॉटसन यांनी १९३३ मध्ये या त्रुटीवर नेमके बोट ठेवले. दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरे आली, तर त्यावरून उत्तर देणाऱ्यांच्या वृत्तीत विरोध आहे असे सिद्ध होत नाही.

पुढे १९५२ मध्ये जॉर्ज स्टाउफर यांनी हा अभ्यास नव्याने केला. त्यात शिक्षक व तज्ज्ञ यांच्यातील अंतर १९२८ च्या तुलनेत बरेच कमी झाल्याचे दिसले. अंतर पूर्णतः नाहीसे मात्र झाले नव्हते. या साऱ्या संशोधनाचा साकल्याने परामर्श हॅरी बेलिन यांनी १९५९ मध्ये घेतला. त्यांची मांडणी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. शिक्षक व तज्ज्ञ यांच्यातील फरक हा ज्ञान आणि अज्ञान यांतील फरक नसून तो दोन भूमिकांमधील फरक आहे, असे बेलिन यांचे प्रतिपादन होते. शिक्षकावर ठरावीक अभ्यासक्रम ठरावीक काळात पुरा करण्याची जबाबदारी असते. त्यामुळे त्या कामात अडथळा आणणारे वर्तन त्याला गंभीर वाटते. तज्ज्ञाचे काम मुलाचे समायोजन घडवून आणण्याचे असते. त्यामुळे समायोजनातील बिघाड त्याला गंभीर वाटतो. तज्ज्ञासमोर एका वेळी एक मूल असते. शिक्षकासमोर पूर्ण वर्ग असतो. तज्ज्ञाला चाळीस मुलांच्या वर्गात उभे केले तर त्यालाही कुजबुज तळाची बाब वाटेल काय, हा प्रश्न येथे उद्भवतो.

बेलिन यांच्या मांडणीने शिक्षकाला दोषमुक्त केले असे मात्र समजू नये. शिक्षकाला अबोल मूल का दिसत नाही याचे स्पष्टीकरण मिळाले, तरी ते मूल न दिसल्याचे परिणाम टळत नाहीत. स्पष्टीकरणाचा उपयोग उपाय कोठे करावा हे कळण्यापुरता आहे.

मुंबईतील दोन प्रवाह : १९३६-३७

महाराष्ट्रात या प्रश्नाची पार्श्वभूमी वेगळी होती. पंतोजींच्या शाळेतील छडी, अंगठे धरणे, कोंबडा करणे या शिक्षा सर्वपरिचित आहेत. छडी व विद्या यांची सांगड घालणारी म्हण मराठीत रूढ आहे, यावरून त्या पद्धतीला असलेली समाजमान्यता स्पष्ट होते. ब्रिटिश अमदानीत शाळांचे स्वरूप बदलले, तरी शिक्षकावरील दडपण कमी झाले नाही. त्याला नवे रूप आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालाशी जोडले गेले. ग्रामीण भागात दिपोटी या नावाने ओळखला जाणारा तपासनीस वर्गात येई, मुलांना प्रश्न विचारी, आणि त्यावर शिक्षकाची प्रतिष्ठा ठरे. अशा व्यवस्थेत जे मूल उत्तर देते ते शिक्षकाच्या कामाचे, आणि जे उत्तर देत नाही ते त्याच्या अडचणीचे ठरते. उत्तर का देत नाही, हे विचारण्यास तेथे अवकाश नव्हता.

या पार्श्वभूमीवर १९३६-३७ या दोन वर्षांत मुंबईत घडलेल्या घटना लक्षणीय आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाडा भागात सामाजिक कार्य करीत होते. त्यांच्या पुढाकाराने व सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय. या विद्यालयाने १९३७ मध्ये बाल मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. भारतातील या प्रकारच्या आद्य केंद्रांत त्याची गणना होते. अमेरिकेत विकसित झालेली त्रिकूटाची पद्धत अशा रीतीने मुंबईत आली. मूल वर्गातून उचलून तज्ज्ञाकडे न्यावे, हे या प्रवाहाचे सूत्र होते.

दुसरा प्रवाह भावनगरहून आला होता. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी माँटेसरी यांच्या तत्त्वांवर आधारित बालमंदिर चालवले होते. ताराबाई मोडक यांनी तेथे त्यांच्यासमवेत काम केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. शिक्षा व भय यांना या शाळांत थारा नव्हता. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे शिक्षिकेचे काम काय, याची व्याख्याच येथे बदलली होती. शिक्षिकेने बोलावे कमी, पाहावे अधिक. प्रत्येक मूल काय करते, कशात रमते, कशापासून दूर राहते याचे निरीक्षण करावे, हा तिच्या प्रशिक्षणाचा गाभा होता. एका कोपऱ्यात गप्प बसलेले मूल अशा शिक्षिकेच्या दृष्टीने व्यवस्थित वागणारे मूल नसते. ते लक्ष देण्याजोगे मूल असते. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ताराबाईंनी हीच दृष्टी ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत नेली. वर्गात न येणाऱ्या मुलांसाठी अंगणवाडी व कुरणशाळा यांसारखे प्रयोग त्यांनी केले. मूल शाळेत येत नाही हा मुलाचा दोष न मानता शाळेने मुलाकडे जावे, असा त्यामागील विचार होता.

एकाच शहरात, एकाच काळात हे दोन प्रवाह वाहत होते. पहिल्याने तज्ज्ञ दिला. दुसऱ्याने शिक्षकाची भूमिका बदलली. विकमन यांच्या यादीतील तळाची बाब वर आणण्याचे सामर्थ्य दुसऱ्या प्रवाहात होते, कारण त्यात शिक्षिकेला अभ्यासक्रम पुरा करण्याचे व निकाल दाखविण्याचे ओझे नव्हते. दुर्दैवाने पहिला प्रवाह महानगरापुरता व दुसरा पूर्वप्राथमिक टप्प्यापुरता मर्यादित राहिला. ज्या वयात खिन्नता व एकाकीपणा तीव्र होतो, त्या वयाच्या मुलांची माध्यमिक शाळा दोहोंच्या मध्ये कोरडीच राहिली.

मार्गदर्शनाचा संकोच : १९५३ ते १९६६

स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शाळेकडे लक्ष गेले. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ मध्ये अहवाल सादर केला. मार्गदर्शन व समुपदेशन हा विषय त्यात स्वतंत्रपणे मांडला आहे. १९५४ मध्ये केंद्रीय पातळीवर शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाची संस्था निर्माण झाली. मुंबईत तर व्यावसायिक मार्गदर्शनाचे शासकीय कार्य त्याआधीच सुरू झाले होते. तथापि बहुउद्देशीय शाळांची योजना डोळ्यांसमोर असल्यामुळे मार्गदर्शनाचा अर्थ मुख्यतः विषयांची व व्यवसायाची निवड असा झाला. कोणता विद्यार्थी कोणत्या शाखेकडे जावा, हे ठरविण्यासाठी चाचण्या आल्या. कोणता विद्यार्थी आतून खचला आहे, हा प्रश्न त्या चाचण्यांच्या कक्षेत नव्हता.

याच आयोगाने वर्गातील विद्यार्थिसंख्या ३० असावी व ती कोणत्याही परिस्थितीत ४० पेक्षा अधिक नसावी, अशीही शिफारस केली होती. मार्गदर्शनाची शिफारस आणि वर्गसंख्येची शिफारस या वस्तुतः एकाच विचाराच्या दोन बाजू होत्या. प्रत्यक्षात पहिली कागदावर पुढे सरकली व दुसरी मागे राहिली. साठ विद्यार्थ्यांची तुकडी महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षकास आजही अपरिचित नाही.

कोठारी आयोगाच्या १९६६ मधील अहवालात या उणिवेची जाणीव दिसते. अध्यापनपद्धती, मार्गदर्शन व मूल्यमापन यांचा विचार आयोगाने एकाच प्रकरणात केला. मार्गदर्शन प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गापासून सुरू व्हावे व त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण मिळावे, असे आयोगाने सुचविले. माध्यमिक स्तरावर किमान कार्यक्रम म्हणून दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असेही म्हटले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांना ग्रामीण शाळांच्या साधनांची मर्यादा ठाऊक होती. त्यामुळे ही शिफारस माफक ठेवली गेली असावी. परंतु दहा शाळांमागे एक समुपदेशक याचा अर्थ असा की बहुतेक दिवशी समुपदेशक शाळेत नसणार. त्या दिवशी मुलाकडे पाहणारा माणूस एकच, तो म्हणजे वर्गशिक्षक. व्यवहारात हा माफक कार्यक्रमही सर्वदूर पोहोचला नाही.

शिक्षेपासून आधारापर्यंत : १९९२ नंतरचा काळ

भारताने १९९२ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेला मान्यता दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये शारीरिक शिक्षेस मुभा देणारे तेथील नियम रद्द ठरवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आणि १ एप्रिल २०१० पासून कायदा अमलात आला. छडीला समाजमान्यता असलेल्या परंपरेच्या दृष्टीने हा फार मोठा बदल होय. मानसिक छळ हा शब्द कायद्यात आल्याने अपमान, टोमणे, वर्गासमोरची मानहानी याही बाबी प्रथमच स्पष्टपणे निषिद्ध ठरल्या.

मात्र शिक्षेला मनाई केल्याने आधार आपोआप मिळत नाही. शिक्षकाने काय करू नये हे कायद्याने सांगितले. त्याऐवजी काय करावे व त्यासाठी वेळ कोठून आणावा, हे सांगितले नाही. त्याच कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना शिक्षणेतर कामांपासून मुक्त केले, पण जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका ही कामे अपवाद म्हणून कायम ठेवली. दरम्यान प्रश्नाचे स्वरूप आकडेवारीतून पुढे येत होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. साठ विद्यार्थ्यांच्या तुकडीला हे प्रमाण लावल्यास चार विद्यार्थी होतात. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यातील ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल यांना चिंतेचे कारण म्हटले. शिक्षकाची प्रतिष्ठा ज्या निकालावर ठरते, तोच निकाल विद्यार्थ्याच्या चिंतेचे मुख्य कारण ठरावा, हा योगायोग नव्हे. दिपोटीच्या काळातील साखळीची ती पुढची कडी आहे.

२०२० मध्ये केंद्र शासनाच्या दोन योजना आल्या. शालेय आरोग्य कार्यक्रमांतर्गत प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून काम करावे असे ठरले. भावनिक स्वास्थ्य हा त्यांच्या विषयांपैकी एक होता. जुलैमध्ये कोविडच्या पार्श्वभूमीवर मनोदर्पण हा उपक्रम सुरू झाला व दूरध्वनीवरून समुपदेशनाची सोय झाली. २०२५ च्या न्यायालयीन निर्देशांचा उल्लेख प्रारंभी आला आहे. हे सर्व प्रयत्न स्वागतार्ह आहेत. तथापि त्यांची रचना १९२२ च्या रचनेहून फार वेगळी नाही. एक तज्ज्ञ नेमावा, एक क्रमांक द्यावा, शिक्षकाला प्रशिक्षण द्यावे. मूल शोधून पाठविण्याची जबाबदारी मात्र पूर्वीच्याच कामाखाली दबलेल्या वर्गशिक्षकावर राहावी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) शिक्षकांना मुलाच्या मनाची पर्वा नसते, हे सरसकट विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. पहिल्या मानसशास्त्रीय चिकित्सालयाचा आरंभच एका शिक्षिकेच्या निरीक्षणातून झाला.

२) १९२८ च्या अभ्यासातील तफावत अंशतः प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतून आली होती. उरलेली तफावत मुख्यतः भूमिकेतील फरकाची होती. तरीही त्या अभ्यासाने दाखविलेली मूळ गोष्ट, म्हणजे माघार घेणारे मूल दृष्टीआड होते, ही आजही लागू पडते.

३) मुंबईत १९३६-३७ मध्ये तज्ज्ञकेंद्री व शिक्षककेंद्री असे दोन मार्ग उपलब्ध झाले होते. धोरणांनी पुढे पहिल्या मार्गाचा स्वीकार केला. दुसऱ्या मार्गाचा अनुभव पूर्वप्राथमिक शिक्षणाबाहेर फारसा वापरला गेला नाही.

४) वर्गसंख्या, निकालाचे दडपण व शिक्षणेतर कामे हे प्रश्न प्रशासकीय मानले जातात. वस्तुतः ते विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचेच प्रश्न आहेत. १९५३ च्या आयोगाच्या दोन शिफारशी एकत्र वाचल्यास हे स्पष्ट होते.

५) समुपदेशकाची नेमणूक आवश्यक आहे, परंतु ती पुरेशी नाही. अबोल विद्यार्थी समुपदेशकाच्या खोलीचे दार स्वतः ठोठावत नाही. त्याला तेथवर कोणीतरी न्यावे लागते.

समारोप

शिक्षकांच्या अभिवृत्तीसंबंधीची चर्चा शतकभर चालू आहे. या काळात शिक्षकाला उपदेश भरपूर मिळाला. वेळ व अवकाश मात्र क्वचितच मिळाला. वर्षातून दोन प्रशिक्षणे झाली आणि तासिकांचे वेळापत्रक, तुकडीचा आकार व निकालाचा तक्ता जसेच्या तसे राहिले, तर प्रशिक्षित शिक्षकही पुन्हा कुजबुजीकडेच पाहील. याउलट वर्गशिक्षकाच्या कार्यभारात विद्यार्थ्यांशी व्यक्तिशः बोलण्याची एक तासिका अधिकृतपणे धरली गेली, समुपदेशकाने विद्यार्थ्यांइतकेच शिक्षकांशीही नियमित बोलावे अशी रचना झाली, आणि महिनाभर वर्गात एकही शब्द न बोललेल्या विद्यार्थ्याची नोंद गैरहजेरीइतक्याच गांभीर्याने घेतली गेली, तर अभिवृत्ती बदलण्यासाठी वेगळ्या आवाहनाची गरज उरणार नाही. १८९६ मध्ये मार्गारेट मॅग्वायर यांनी विचारलेला प्रश्न विचारण्याची इच्छा आजच्या शिक्षकांतही आहे. तो विचारण्याइतकी सवड त्यांना मिळवून देणे, हे शाळा, शासन व शिक्षक प्रशिक्षण देणारी महाविद्यालये या सर्वांचे कर्तव्य होय.